आमच्या ह्यांची पावडर

आमच्या घरच्या चहाला औषधाचा वास येतो. पाहुणे तोंडावर काही बोलत न्हाईत. निम्मा कप खाली ठेवतात आन् "साखर जरा जास्तच झाली" म्हणतात. साखर कशाची जास्त, डोंबल! ती आमच्या ह्यांची पावडर. पाणी शुद्ध करायला टाकतात ना, ती पांढरी. सरकारी लोक तिला टीसीएल म्हणतात, आमी नुसतं पावडर. लगीन होऊन मी ह्या घरात आले तवापासून भाकरीला तोच वास, वरणाला तोच. पहिल्या दिवाळीला माहेरी गेले तर आईनं मला जवळ घेतलं आन् म्हणली, "चांगुणे, तुझ्या पदराला दवाखान्याचा वास कसा गं?"

आन् माणसाचं नाव काय, तर गुलाब! नाव बघा आन् वास बघा. आता पोरीला पोर झाली, नवऱ्याचं नाव घ्यायला कसली लाज?

माकणीच्या अलीकडं, तेरणेच्या काठाला आमचं गाव. गाव वर, आमची वस्ती उताराला. हे ग्रामपंचायतीत पाणी सोडायच्या कामाला. टाकीत पावडर टाकायची, कॉक फिरवायचा, कुठं पाइप फुटला तर चिखलात उतरायचं. ते झालं पगाराचं काम. पण वस्तीच्या विहिरीत पावडर टाका असं ह्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पंचायतीच्या यादीत आमची विहीरच न्हाय. ते ह्यांचं आपलं आपण. संध्याकाळी बादलीत पावडर कालवायची, गाळ खाली बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी पोहऱ्यात घेऊन विहिरीत सोडायचं, आन् पोहरा पाण्यात वरखाली हलवत ऱ्हायचं. सण असो, ताप असो, सोयरे आलेले असोत. मी म्हणायचे, "अवो, एक दिवस न्हाय टाकली तर विहीर काय पळून जाती का?" तर म्हणायचे, "विहीर न्हाय जात. माणूस जातं."

त्यांचं बी खरं हाय. हे लहान असताना एका पावसाळ्यात वस्तीत हगवण-उलटीची साथ आली. शाळेत माणसं आडवी पडलेली, लिंबाच्या फांद्यांना सलाइनच्या बाटल्या टांगलेल्या. माझी सासू सिताबाई त्यातून उठली. ह्यांची धाकटी बहीण शेवंता उठली न्हाय. डॉक्टर जाता जाता बोलला, "विहिरीत वेळेवर पावडर पडली असती तर पोरगी हाताला लागली असती." डॉक्टर बोलला आन् गाडीत बसून गेला. त्याच्या ध्यानात बी नसंल. हे मात्र ते घेऊन बसले ते बसलेच.

आन् ती विहीर तरी कसली! सासऱ्याच्या पिढीनं खांदलेली. तवा गावच्या विहिरीवर आमच्या माणसांना पोहरा टाकू देत नव्हते. मग वस्तीतल्या बाप्यांनी दिवसभर दुसऱ्याच्या रानात राबून संध्याकाळी स्वतःची विहीर खांदायला घेतली. वरचा मुरूम भसाभस निघाला, खाली लागला काळा खडक. एका अंगाला तर असा कठीण, की पहारीची टोकं बोथट व्हायची. सासरा त्या खडकाला मरेपर्यंत शिव्या घालायचा. पण पाणी लागलं! पहिली घागर सासूनं काढली आन् साऱ्या वस्तीला ओंजळ-ओंजळ पाजलं. "अगं, उसाच्या रसाला नसंल अशी गोडी व्हती," सासू सांगायची. मी मनात म्हणायचे, असंल बाई, तुमच्या लेकानं मला कुठं चाखू दिली!

दुष्काळाच्या सालात गावातले बोअर ठणठणीत कोरडे पडले, तवा ही विहीर आटली न्हाय. ज्यांच्या घरच्यांनी आमाला पोहरा टाकू दिला न्हवता ते बी घागरी घेऊन आले. आमी कुणाला न्हाय म्हणलं न्हाय.

तर अशी ती विहीर, आन् ती बुजवायची गोष्ट निघाली.

झालं असं, की त्या भादव्यात तेरणा कोपली. वस्तीत गुडघाभर पाणी, कणग्या भिजल्या, शेळ्या पत्र्यावर चढवल्या. माणसं वाचली, एवढं नशीब. पाणी उतरलं तवा बघतो तर गावची सांडपाण्याची नाली, जी आधी रस्त्यापलीकडनं जायची, तिनं नवी वाट धरलेली. सगळी घाण आमच्या विहिरीच्या वरच्या बाजूला, हाकेच्या अंतरावर, खड्ड्यात येऊन थांबलेली. काळंकुट्ट डबकं. पंचायतीत म्हणले, ही घाण झिरपून विहिरीत जाणार, साथ येईल, विहीर बुजवून टाका, तुमाला टँकर देऊ. शेजारची कस्तुराबाई भर सभेत उठली आन् म्हणली, "विहिरीआधी मला बुजवा!"

तवा वैदेही मॅडम आल्या. सोलापूरच्या कुठल्याशा कॉलेजात पाण्याचा अभ्यास करतात. पुराचं पाणी जमिनीत कसं मुरतं, कुठनं कुठं जातं, हे बघत त्या काठाकाठानं गावं फिरत होत्या. पोरगी दिसायला शेलाटी, पण बोलायला सरळ. त्यांनी सगळ्यांना विहिरीजवळ बोलावलं आन् सांगितलं, "आपण त्या डबक्यात एक रंग टाकू. माणसाला, जनावराला त्यानं काही होत नाही. तो रंग विहिरीत आला, तर डबक्यातली घाणही येते असं समजायचं, आणि विहीर बंद करायची. नाही आला, तर विहीर राहील. मी तसं लिहून देईन."

आता ह्याच्यापेक्षा सरळ काय असतं? सगळ्यांनी माना डोलावल्या.

माझी लेक श्रावस्ती तवा पहिल्या बाळंतपणाला घरी आलेली, दिवस भरत आलेले. ती पोटावर हात ठेवून हळूच म्हणली, "आई, रंग न्हाय आला म्हणजे बरं." माझ्या बी मनात तेच. टँकरच्या पाण्यावर बाळंतीण सांभाळायची म्हणजे काय, ते टँकरमागं पळालेल्या बाईलाच विचारा.

रंग टाकायला पुढं कोण? आमचे हे! जयंतीला घेतलेला पांढराशुभ्र शर्ट घालून. डबा उघडला, रंग वतला, आन् भसकन शिंतोडे उडाले ते बरोबर छातीवर. राणी कलर, असा झगझगीत की डोळे दिपावेत. मी कपाळावर हात मारला. मॅडम म्हणल्या, "अरे देवा! काका, हा सहजी जाणार नाही हं." आन् मग सगळ्यांना बजावलं, "रोज सकाळी विहिरीतून बाटली भरून द्यायची. तोवर विहिरीत कुणी काही टाकायचं नाही. धुणं नाही, भांडी नाही."

झालं! हे विहिरीचे फौजदारच झाले. कस्तुराबाई सवयीनं धुणं घेऊन आली, तर हे काठी घेऊन आडवे. "मॅडमनी सांगितलंय, काही टाकायचं न्हाय!" ती बी काय कमी? "अरे गुलब्या, लुगडं धुते, विहिरीत जीव न्हाय देत!" म्हणत पाय आपटत परत गेली.

आन् हाच माणूस दिवस मावळला की बादली घेऊन विहिरीवर हजर. पावडर! त्यांच्या डोक्यात पावडर म्हणजे काही टाकणं नव्हतंच मुळी. आपण श्वास घेतो, ते काय काम म्हणून मोजतो का? तसलं ते. उलट रोजच्यापेक्षा मूठभर जास्तच. म्या विचारलं तर म्हणले, "अगं, मॅडम रोज पाणी तपासायल्यात. वस्तीचं पाणी चांगलं दिसलं पाहिजे की न्हाय?" आता ह्या माणसाला काय म्हणावं! पण खरं सांगते, मला बी त्यात काही वावगं वाटलं न्हाय. पाहुणे येणार म्हणलं की आपण अंगण सारवतोच की.

रोज सकाळी बाटली जायची. मॅडम यंत्रात बघायच्या. रंग न्हाय. दुसऱ्या दिवशी बी न्हाय. असं करत करत मॅडमनी ठरवलेली मुदत संपली, मॅडम हसत म्हणल्या, "कणभरही नाही. विहीर चांगली आहे." वस्तीत कस्तुराबाईनं गूळ वाटला. ह्यांना तिनं दोन खडे दिले आन् वर दात काढून म्हणली, "घे फौजदारा." श्रावस्ती निवांत जेवली त्या दिवशी. मॅडम कागद करून पाठवणार होत्या, आन् पंचायतीनं त्यांचा सत्कार ठरवला.

सत्काराला ह्यांना तोच शर्ट पाहिजे. म्या त्याला साबण लावला, सोडा लावला, लिंबू चोळलं, दगडावर आपटला. राणी कलर ढिम्म हलंना. माझं डोकं फिरलं. समोर ह्यांची पावडरीची बादली होती, दिला शर्ट त्यात फेकून. "सगळ्या जगाला पाजता ना, घ्या, ह्याला बी पाजा!" आन् बाकीचं धुणं धुवायला गेले.

परत येऊन शर्ट उचलला, तर बगळ्यासारखा पांढरा! डाग कुठं होता ते बी कळंना. मला लई आनंद झाला. म्या शर्ट नाचवत ह्यांच्यापुढं नेला, "अवो बघा, तुमची पावडर जन्मात पहिल्यांदा माझ्या कामाला आली!"

हे हसले न्हाईत. शर्ट हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, उन्हात धरला. मग तिथंच उंबऱ्यावर बसले.

"चांगुणा," म्हणले, "पावडरीनं रंग खाल्ला."

"व्हय मग? चांगलं झालं की!"

"मग विहिरीतला बी खाल्ला असंल."

तवा माझ्या डोक्यात उजेड पडला. एवढी साधी गोष्ट! रंग डबक्यातनं विहिरीत आला बी असंल, रोज आला असंल, आन् आमच्या ह्यांच्या पावडरीनं रोज गिळला असंल. बाटल्या कोऱ्या निघाल्या, त्यात नवल ते काय?

मी त्यांच्याजवळ बसले आन् म्हणले, "गप बसा. विहीर राहिली, लोक खूश हायेत. तुमी पावडर टाकताच की रोज. मग घाण आली काय, न आली काय?"

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. रागानं न्हाय. "मी हाय तवर टाकीन," म्हणले. "एक दिवस न्हाय उठलो तर? श्रावस्तीचं लेकरू हेच पाणी पिणार ना? शेवंता एका दिवसातच गेली न्हाय का?"

म्या उठून आतनं त्यांचा फोन आणून दिला.

त्यांनी तिथंच बसून मॅडमला फोन लावला. "मॅडम, माझ्या हातनं लई मोठी चूक झाली," म्हणले आन् सगळं सांगितलं, शर्टासकट. मला वाटलं, आता झापतात. मॅडम म्हणल्या, "काका, चूक माझीही आहे. विहिरीत पावडर पडते का, हे मी ऑफिसात विचारलं, ते म्हणाले फक्त टाकीत. मी तुम्हाला विचारायला हवं होतं. तुम्ही सांगितलंत, फार बरं झालं. आज संध्याकाळी मी तो कागद पाठवणार होते. आता सगळं पुन्हा करायचं."

वस्तीत ही बातमी कळली आन् जो गोंधळ उठला, विचारू नका. सगळ्यांनी ह्यांना धारेवर धरलं. कस्तुराबाई तर दारात येऊन उभी राहिली. "अरे, वाढलेलं ताट लाथाडलंस! गप बसला असतास तर तुझं काय बिघडत होतं?" मघाशी मीच हे बोलले होते, पण दुसऱ्या बाईनं माझ्या नवऱ्याला बोललेलं मला कसं खपावं? मी पदर खोचला आन् म्हणले, "कस्तुराआक्का, तुमचा नातू बी त्याच विहिरीचं पितो. त्याच्या पोटात काय चाललंय ते बघून झोपायचं का डोळे झाकून झोपायचं?" ती पुटपुटत घराकडं वळली.

मग विहीर उपसली. पावडर बंद. मॅडमनी डबक्यात नवा रंग टाकला. ह्या वेळी एकट्या विहिरीवर भागवलं न्हाय, खाली नदीकडच्या अंगाला गावातल्या गुंडाप्पांच्या रानात एक बंद पडलेला बोअर हाय, त्यातनं बी बाटल्या काढायला लावल्या. आन् वस्तीला सांगितलं, प्यायचं पाणी उकळूनच.

ते दिवस ह्यांचे कसे गेले, मीच बघितले. संध्याकाळ झाली की हात शिवशिवायचे. बादलीकडं बघायचे, परत फिरायचे. घरोघर जाऊन हंड्यांवरची झाकणं उचलून विचारायचे, "उकळलं का? खदखदा उकळलं का?" बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. कुणी मुद्दाम "न्हाय बाई, विसरले" म्हणलं की हे तिथंच चुलीत लाकडं सारायला बसायचे. जेवणावर वासना न्हाय. मला तर त्यांची दया बी यायची आन् राग बी यायचा.

त्यातच श्रावस्ती लोहाऱ्याच्या दवाखान्यात बाळंत झाली. मुलगी. हे बघायला आले, लांबनंच बघितलं. म्या म्हणलं, "घ्या की जवळ." तर म्हणले, "आधी निकाल लागू दे. कुठल्या पाण्यावर घरी न्यायची हिला?" डोळे भरलेले. मी तोंड फिरवलं, न्हाय तर मी बी रडले असते.

ज्या दिवशी मॅडम निकाल घेऊन आल्या, त्या दिवशी सगळी वस्ती विहिरीवर. मॅडमनी पेटी उघडली आन् एक बाटली वर धरली. आतलं पाणी गुलाबी! उघड्या डोळ्यांना दिसंल असं गुलाबी. हे मटकन खाली बसले.

"काका, उठा," मॅडम म्हणल्या. "ही गुंडाप्पांच्या बोअरची आहे." आन् दुसरी बाटली काढली. स्वच्छ. "ही विहिरीची. सुरुवातीपासून आजपर्यंतच्या सगळ्या अशाच. यंत्रातही कणभर रंग नाही. जंतूंची तपासणी केली, तीही चांगली आली."

कुणाला काही समजंना. मग त्यांनी हातानं दाखवून सांगितलं. डबक्याकडच्या अंगाला जमिनीखाली काळा, कठीण खडक हाय. त्याला फट म्हणून न्हाय. डबक्यातलं पाणी मुरतं, त्या खडकावरनं घसरत कडेनं खाली नदीकडं जातं. विहिरीतले झरे हायेत ते दुसऱ्या अंगाचे, माळाकडचे. ते पाणी आन् हे पाणी एकमेकाला भेटतच न्हाय. डबकं काढून नाली परत रस्त्यापलीकडं न्यायची, एवढंच करायचं. विहिरीला हात लावायचा न्हाय.

मला पहिल्यांदा आठवला तो सासरा. ज्या खडकावर त्याच्या पहारी बोथट झाल्या, ज्याला म्हातारा मरेपर्यंत शिव्या घालत गेला, त्याच खडकानं घाण अडवून धरली होती! म्हातारा असता तर शिव्या परत घ्यायला लावल्या असत्या.

हे तर लहान पोरासारखे रडायला लागले. चार माणसांत, हमसून हमसून. माझ्या बी छातीवरचा धोंडा उतरला, मी हसत होते आन् डोळ्यांतनं पाणी गळत होतं. गुंडाप्पा म्हणाले, "बंद पडलेला का असंना, माझा बोअर कामाला आला म्हणायचा."

कस्तुराबाई पुढं झाली. पोहरा सोडला, भरून वर काढला आन् ह्यांच्यापुढं धरला. "घे. बिनपावडरीचं हाय. पी, मुडद्या!"

हे मागं सरले. मॅडमकडं बघितलं. मॅडमनी होकाराची मान हलवली. मग ह्यांनी ओंजळ पुढं केली.

एक घोट घेतला आन् थांबले. दुसरा घेतला. "आई खोटं बोलत नव्हती," म्हणले. "गोड हाय. शेवंता घागरीलाच तोंड लावायची, आई रागवायची." एवढ्या वर्षांत त्यांच्या तोंडून तिचं असं काही म्या ऐकलं नव्हतं. तिच्या मरणाचंच ऐकलं होतं, तिच्या पाणी पिण्याचं कधी न्हाय.

म्या बी ओंजळ धरली. काय सांगू! इतकी वर्षं ज्या विहिरीवर संसार केला, तिची चव मला त्या दिवशी कळली.

दुसऱ्या दिवशी श्रावस्ती नातीला घेऊन घरी आली. ह्यांनी आता कुठं तिला मांडीवर घेतली, खाली ठेवायला तयार न्हाईत. दिवस मावळला, तशी पोर माझ्या हातात दिली आन् बादली उचलली.

"अवो, आता कशाला? मॅडमनी सांगितलं ना, विहीर चांगली हाय!"

"हाय चांगली," म्हणले. "चांगलीच ऱ्हायला पाहिजे."

सकाळी चहा केला. पहिल्याच घोटाला तो वास! परवाची गोडी आठवून कप खाली ठेवणार, तेवढ्यात पाळण्यात नात कुरकुरली. हे पळतच गेले, दोरी धरली आन् हळूहळू हलवायला लागले. मी त्यांच्याकडं बघत बसले, आन् सगळा चहा प्याले.